तारीख तरी द्या!

रेल्वेच्या एका जागेमागे हजारावर अर्ज येतात, ही बातमी आता बातमी उरलेली नाही. २०२४ च्या सप्टेंबरात रेल्वे भरती मंडळांनी स्टेशन मास्तर, मालगाडीचा गार्ड, तिकीट कारकून, लेखा कारकून अशा बिगरतांत्रिक पदांसाठी दोन जाहिराती काढल्या. एक पदवीधरांसाठी, दुसरी बारावी उत्तीर्णांसाठी. पहिलीत ८,११३ जागा होत्या, दुसरीत ३,४४५. दोन्ही मिळून या ११,५५८ जागांसाठी अर्ज आले सुमारे १ कोटी २१ लाख. असा आकडा वाचला की सुशिक्षित माणूस क्षणभर हळहळतो, लोकसंख्येच्या नावाने बोटे मोडतो आणि पान उलटतो. आमची वाचकांना विनंती आहे की या वेळी त्यांनी पान उलटू नये. अर्ज किती आले हा प्रश्न मोठा आहेच. परंतु अर्ज केल्या दिवसापासून ‘हो’ किंवा ‘नाही’ हे उत्तर हाती पडेपर्यंत त्या तरुणाचे काय होते, हा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि तो मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

महाराष्ट्राचे आणि रेल्वेचे नाते जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला या देशातील पहिली प्रवासी गाडी गेली. तेव्हापासून परळ-माटुंग्याचे कारखाने, इगतपुरी, मनमाड, भुसावळ, दौंड, सोलापूर या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेचे अन्न खाल्ले आहे. ‘मुलगा रेल्वेत चिकटला’ या तीन शब्दांनी कित्येक घरांतील लग्ने जुळली, कर्जे फिटली आणि धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली. आजही सातव्या वेतन आयोगाच्या कोष्टकाप्रमाणे रुळांची देखभाल करणाऱ्या अगदी खालच्या श्रेणीतील कामगाराचे मूळ वेतन १८,००० रुपयांपासून आणि स्टेशन मास्तराचे ३५,४०० रुपयांपासून सुरू होते; शिवाय भत्ते, प्रवासाचा पास, रेल्वेचे रुग्णालय आणि नशिबाने साथ दिली तर राहण्यास जागा. खासगी कचेऱ्यांत वर्षावर्षाच्या करारावर राबणाऱ्या तरुणाला या स्थैर्याची ओढ वाटली, तर त्यात त्याचा काय दोष? नोकरशाहीची हौस म्हणून या ओढीची थट्टा करणाऱ्यांनी स्वतःच्या घरातील मुलांना कोणता सल्ला दिला होता, हे एकदा आठवून पाहावे.

तेव्हा ही वाट कशी आहे ते नीट पाहू. जुन्या पिढीला ‘रेल्वे सर्व्हिस कमिशन’ म्हणून ठाऊक असलेली यंत्रणा १९८५ पासून ‘रेल्वे भरती मंडळ’ या नावाने चालते. अशी मंडळे देशात २१ आहेत. त्यांपैकी एक मुंबईत आहे. उमेदवाराने एका जाहिरातीसाठी एकच मंडळ निवडावयाचे. दोन ठिकाणी अर्ज केला तर दोन्ही बाद. पहिली परीक्षा संगणकावर : नव्वद मिनिटे, शंभर प्रश्न, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुणांची कपात. या परीक्षेचे काम केवळ चाळणीचे. तीतून उतरलेल्यांची दुसरी परीक्षा : तेवढ्याच वेळात एकशेवीस प्रश्न. त्यानंतर स्टेशन मास्तर होऊ इच्छिणाऱ्यांची अभियोग्यता चाचणी, टंकलेखनाच्या पदांसाठी टंकलेखनाची परीक्षा, मग कागदपत्रांची पडताळणी, मग वैद्यकीय तपासणी, मग निवड यादी, आणि सर्वांत शेवटी विभागाकडून नियुक्तिपत्र. खालच्या श्रेणीसाठी लेखी परीक्षेनंतर अंगमेहनतीची कसोटी असते. पुरुष उमेदवाराने पस्तीस किलोचे ओझे दोन मिनिटांत शंभर मीटर, मध्ये खाली न ठेवता, वाहून न्यावयाचे आणि एक हजार मीटर अंतर सव्वाचार मिनिटांत धावावयाचे. स्त्री उमेदवारासाठी ओझे वीस किलोचे आणि धावण्यास पाच मिनिटे चाळीस सेकंद. दोन्ही गोष्टींना संधी एकदाच.

यांतील एकही पायरी निरर्थक नाही, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. भर पावसात कसारा घाटात रुळांची गस्त घालणाऱ्याच्या अंगात बळ हवे. सिग्नलचा तांबडा आणि हिरवा रंग क्षणात ओळखता न येणाऱ्याच्या हाती इंजिन देता येणार नाही. तेव्हा परीक्षा कठीण आहे, ही आमची तक्रार नाही. संगणकावरील परीक्षा, नंतर उघड केली जाणारी उत्तरे, त्यांवर हरकत घेण्याची सोय, आपले गुण आपणांस पाहावयास मिळण्याची व्यवस्था, हे सारे पूर्वीपेक्षा निश्चित अधिक स्वच्छ आहे. पाचशे रुपये शुल्कापैकी चारशे रुपये परीक्षेस बसलेल्याला परत करण्याची २०१८ पासूनची पद्धतही न्याय्य आहे. अनुसूचित जातिजमातींचे उमेदवार, स्त्रिया व अन्य सवलतपात्र वर्गांना तर त्यांचे अडीचशे रुपये, बँकेचा आकार वगळता, पूर्णच परत मिळतात. चांगल्याला चांगले म्हटले म्हणजेच वाईटाला वाईट म्हणण्याचा अधिकार लाभतो.

वाईट आहे ते असे, की या वाटेवरील मैलांचे दगड कोणी रोवलेलेच नाहीत. किती चालावयाचे आहे हे चालणाऱ्याला ठाऊक नसते. आणि विशेष हे की चालविणाऱ्यालाही ते ठाऊक असल्याचे दिसत नाही.

२०१९ सालच्या भरतीची हकीकत याला पुरेशी साक्ष आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेर पस्तीस हजारांवर बिगरतांत्रिक जागांची जाहिरात निघाली. सव्वा कोटीच्या घरात अर्ज आले. पहिली परीक्षा त्याच वर्षी जून ते सप्टेंबरच्या दरम्यान होईल, असा अंदाज जाहिरातीतच दिलेला होता. जून गेला, सप्टेंबर गेला, वर्षही सरले. परीक्षा झाली नाही. पुढे मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि विलंबाला एक सबळ कारण मिळाले. परंतु टाळेबंदीपूर्वीच जाहिरातीला वर्ष उलटून गेले होते, हे विसरता येत नाही. परीक्षा सुरू झाली २८ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे बावीस महिन्यांनी. ती सात टप्प्यांत जुलै २०२१ पर्यंत चालली. निकाल लागला जानेवारी २०२२ मध्ये. दुसरी परीक्षा २०२२ च्या मे-जूनमध्ये, आणि उरलेल्या पायऱ्या २०२३ पर्यंत रेंगाळल्या. त्याच सुमारास जाहीर झालेल्या खालच्या श्रेणीतील १,०३,७६९ जागांची लेखी परीक्षा तर ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. ज्याने बाविसाव्या वर्षी अर्ज भरला, तो पहिल्या उत्तरपत्रिकेपुढे बसला तेव्हा पंचविशी उलटलेली! तारुण्यातील ही तीन-साडेतीन वर्षे त्याला कोणत्या बँकेतून परत मिळावयाची?

जानेवारी २०२२ मध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशात या असंतोषाचा भडका उडाला. कारण वरवर पाहता गणिताचे होते. दुसऱ्या परीक्षेसाठी जागांच्या वीस पट उमेदवार निवडावयाचे ठरले होते. पण ही निवड वेतनश्रेणीनिहाय झाली आणि एकच हुशार उमेदवार चार-पाच श्रेणींच्या याद्यांत मोजला गेला. यादीत क्रमांक सात लाखांवर, पण प्रत्यक्षातील माणसे त्यांच्या निम्मीच, असा प्रकार झाला. नियम जाहिरातीत होता, असे रेल्वेने सांगितले. त्यातच खालच्या श्रेणीसाठी आणखी एक परीक्षा घेण्याची सूचना ऐन वेळी निघाली. प्रजासत्ताकदिनी गया येथे उभ्या गाडीच्या डब्यांना आग लावण्यात आली. ज्या रेल्वेत नोकरी हवी तिलाच जाळणे हा शुद्ध आततायीपणा होता आणि त्याचे समर्थन कोणताही विचारी माणूस करणार नाही. परंतु पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. दोन्ही परीक्षा थांबल्या, समिती नेमली गेली, आणि मार्च महिन्यात रेल्वेने मान्य केले, की वीस पट म्हणजे वीस पट निरनिराळी माणसे, आणि खालच्या श्रेणीची दुसरी परीक्षा रद्द. जी गोष्ट आगीनंतर दीड महिन्यात देता आली, ती आगीपूर्वीच्या तीन वर्षांत साध्या अर्जावर का देता आली नाही? सरळ मार्गाने विचारणाऱ्याला उत्तर नाही आणि दगड उचलणाऱ्याला समिती, हा धडा राज्यसंस्थेने तरुणांना देऊ नये. तो फार लवकर पाठ होतो आणि विसरावयास फार वर्षे लागतात.

या मुंबईनेही असा एक दिवस पाहिला आहे. २० मार्च २०१८ रोजी सकाळी, कचेऱ्यांच्या ऐन वेळेला, रेल्वेच्याच कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी पुरी केलेले तरुण माटुंगा-दादरच्या दरम्यान रुळांवर बसले आणि मध्य रेल्वेची वाहतूक साडेतीन तासांच्या आसपास ठप्प झाली. त्या दिवशी खोळंबलेल्यांत आमचे कितीतरी वाचक असतील आणि त्यांनी त्या तरुणांना लाखोली वाहिली असेल. शिकाऊ उमेदवारांसाठी खालच्या श्रेणीतील वीस टक्के जागा राखलेल्या होत्या. पण काम शिकवून घेतल्यावर आपणांस सरळ सामावून घ्यावे, अशी त्यांची मागणी होती. मागणी पुरी करण्याजोगी होती की नव्हती याविषयी मतभेद होऊ शकेल. पण शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरीचे वचन नव्हे, ही गोष्ट त्यांना पहिल्याच दिवशी कोणी स्वच्छ शब्दांत समजावून सांगितली असती, तर ती सकाळ कदाचित वेगळी उजाडली असती.

२०२४ पासून रेल्वेने भरतीचे वार्षिक वेळापत्रक लावले आहे. कोणत्या पदाची जाहिरात वर्षाच्या कोणत्या तिमाहीत निघेल हे त्यामुळे आधी कळू लागले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण हे वेळापत्रक जाहिरातींचे आहे, नेमणुकांचे नव्हे. वर उल्लेखिलेल्या पदवीधरांच्या जाहिरातीची पहिली परीक्षा जून २०२५ मध्ये सुरू झाली. म्हणजे नऊ महिने नुसती वाट पाहण्यात गेले. जागांच्या आकड्याचीही तीच गत. जानेवारी २०२४ मध्ये सहायक लोको पायलटच्या ५,६९६ जागा जाहीर झाल्या. अर्जांची मुदत संपून चार महिने लोटल्यावर, जूनमध्ये, त्या १८,७९९ करण्यात आल्या. जागा वाढल्या याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु ज्याने थोड्या जागा पाहून अर्जच केला नाही, त्याने काय करावे? घरात पाहुणे किती जेवावयाचे आहेत याचा अंदाज तिप्पट चुकावा, असा हा हिशेब आहे. गाड्या किती, इंजिने किती, यंदा निवृत्त होणारे किती, हे सारे ज्या खात्याच्या नोंदवह्यांत लिहिलेले आहे, त्याला आपल्याच रिकाम्या जागा आधी मोजता येऊ नयेत, हे नवल म्हटले पाहिजे.

आणि या रिकाम्या जागा केवळ उमेदवारांच्या काळजीचा विषय नाहीत. जून २०२३ मध्ये माहिती अधिकाराखाली उघड झालेल्या आकड्यांप्रमाणे रेल्वेत सुमारे पावणेतीन लाख पदे रिकामी होती आणि त्यांपैकी एक लाख सत्तर हजारांवर प्रवाशांच्या सुरक्षिततेशी संबंधित होती. रूळ तपासणारे, सांधे बदलणारे, सिग्नल सांभाळणारे, इंजिन चालविणारे हे ते लोक. एका बाजूस पद रिकामे, दुसऱ्या बाजूस त्या पदासाठी तिष्ठणारा तरुण, आणि दोहोंच्या मध्ये तीन-तीन वर्षांचे मौन! जो दोघांचे काम एकटा करतो त्या कर्मचाऱ्याची रात्रपाळी आणि त्याच्या भरवशावर डब्यात निर्धास्त झोपलेल्या प्रवाशाचा जीव, हे दोन्ही या मौनाला बांधलेले आहेत.

या मौनातून आणखी एक रोग पोसला जातो. २०२२ च्या डिसेंबरात दिल्लीत एक प्रकरण उघडकीस आले. तमिळनाडूतील अठ्ठावीस तरुणांना रेल्वेत नोकरी लावून देतो असे सांगून भामट्यांनी एकूण २ कोटी ६७ लाख रुपये उकळले आणि ‘प्रशिक्षण’ म्हणून त्यांना सुमारे महिनाभर नवी दिल्ली स्थानकावर रोज आठ तास उभे करून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजावयास लावले. ऐकणाऱ्याला प्रथम हसू येते. पण हे तरुण अडाणी नव्हते. त्यांत पदवीधर होते. मग ते फसले कसे? आमच्या मते उत्तर सोपे आहे. खरी भरती त्यांना काहीच सांगत नव्हती आणि दलाल मात्र सर्व काही सांगत होता. अमुक दिवशी वैद्यकीय तपासणी, अमुक दिवशी प्रशिक्षण, अमुक दिवशी नेमणूक! दलालाजवळ जागा नसते, शिक्का खोटा असतो, सही बनावट असते. त्याच्याजवळ विकण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तारीख. ज्या दिवशी सरकार ती फुकट आणि खरी देऊ लागेल, त्या दिवशी दलालाचे दुकान अर्धे बंद होईल. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा केंद्राचा कायदा जून २०२४ पासून अमलात आला आहे. त्यात रेल्वे भरती मंडळांच्या परीक्षा येतात आणि संघटित गुन्ह्याला पाच ते दहा वर्षांची कैद व किमान एक कोटी रुपयांचा दंड सांगितला आहे. कायदा कडक आहे, हे बरे झाले. पण कायद्याला चोर पकडता येतो. ज्या अंधारात चोराचे फावते, तो अंधार दूर करण्याचे काम कारभारालाच केले पाहिजे.

सरकारला चार शब्द सुनावून घरच्यांना मोकळे सोडणे आम्हांस मान्य नाही. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी असा अर्ज भरलेला मुलगा किंवा मुलगी आहे. त्या पालकांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही, की मूळ जाहिरात स्वतः वाचावी; शिकवणीवर्गाने काढलेला तिचा सारांश वाचून भागत नाही. वैद्यकीय कसोट्या तिच्यातच दिलेल्या असतात. इंजिन चालविण्याच्या पदासाठी चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची पूर्ण दृष्टी लागते. रंगांधळेपण चालत नाही. चष्म्याचा नंबर घालविण्याची शस्त्रक्रिया झालेलीही चालत नाही. ही तपासणी अगदी शेवटी होते आणि तीत नापास झाल्यास दुसरे पद देण्याची तरतूद नसते. दोन वर्षांचा अभ्यास, तीन परीक्षांतील यश, आणि शेवटी डॉक्टरांच्या टेबलापाशी सारे संपले, हे दुःख टाळता येण्याजोगे आहे. अर्ज भरण्यापूर्वी नेत्रवैद्याकडे जावे. पुढची दोन वर्षे कोणत्या पदामागे खर्च करावयाची हे त्या एका भेटीत कळते.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख ही शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर जशी आहेत तशीच अर्जात आणि आधारपत्रावर असावीत. एका अक्षराचा फरक पडताळणीच्या दिवशी डोंगराएवढा होतो. मराठी घरांत मुलीचे लग्नानंतरचे नाव हा तर नेहमीचा घोळ. जातीचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यातच लागते, आणि राज्याच्या यादीतील प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. हे आधी पाहून घ्यावे. तिसरी गोष्ट पैशाची. भरती मंडळाचे अधिकृत शुल्क सोडून या वाटेवर कोणालाही एक पैसादेखील द्यावयाचा नसतो. ‘वरपर्यंत ओळख आहे’ असे सांगणारा आप्त असो की शेजारी, त्याला दारातूनच परत पाठवावे.

चौथी गोष्ट भाषेची. मराठी मुले रेल्वेत दिसत नाहीत ही खंत आपल्याकडे जुनी आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईत परीक्षेस आलेल्या परप्रांतीय उमेदवारांना मारहाण झाली आणि या शहराच्या नावाला बट्टा लागला. त्यानंतर रेल्वेने आपले धोरण बदलले; प्रश्नपत्रिका प्रादेशिक भाषांतूनही मिळू लागल्या. पुढे संगणकावरील परीक्षा पंधरा भाषांत होऊ लागली व तीत मराठी आहे. दार उघडे झाल्यावरही आत जाण्यास आपली पावले अडखळत असतील, तर दोष दाराचा म्हणता येणार नाही. बिहारमधील लहान गावातला मुलगा मित्रांबरोबर खोली करून राहतो आणि वर्षानुवर्षे नेटाने प्रश्न सोडवतो. जाहिरात निघाल्याचे त्याला त्याच दिवशी ठाऊक असते. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयांतील किती सूचनाफलकांवर ती लागते? प्राध्यापकांनी आणि ग्रंथालयांनी एवढे काम मनावर घेतले, तरी गर्जनांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

पाचवी गोष्ट सांगताना मन थोडे जड होते, पण ती सांगितलीच पाहिजे. हजारात एकाला मिळणाऱ्या जागेवर सगळे तारुण्य लावू नये. अर्ज जरूर करावा, अभ्यास कसून करावा; परंतु त्याबरोबर हाताला दुसरे एखादे काम असावे. घरच्यांनीही ‘अजून काही झाले नाही का?’ हा प्रश्न रोज जेवणाच्या पानावर वाढू नये. आमची काही वर्षे शाळेत शिकविण्यात गेली. अवघड प्रश्नपत्रिकेने खचलेली मुले आम्ही पाहिली आहेत. पण निकालाची तारीख पुन्हा पुन्हा लांबली म्हणजे मुले अधिक खचतात. श्रमाने माणूस थकतो आणि झोपेने ताजा होतो. अनिश्चितीने आलेल्या थकव्याला झोप हे औषध नाही.

यासाठी सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. एक कोटी अर्जदारांना एक कोटी नोकऱ्या द्या, असे आम्ही म्हणत नाही. कोणतेच सरकार त्या देऊ शकणार नाही. आम्ही म्हणतो, प्रत्येक जाहिरातीत पहिल्या परीक्षेपासून नियुक्तिपत्रापर्यंत प्रत्येक पायरीची तारीख छापा. ती पाळता आली नाही, तर कारण आणि नवी तारीख पंधरा दिवसांच्या आत जाहीर करा. विलंब तुमच्याकडून झाला, तर तेवढी मुदत उमेदवाराच्या वयोमर्यादेत आपोआप वाढवा. २०२४ च्या भरतीत करोनाच्या कारणास्तव तीन वर्षांची सूट एकदाच म्हणून दिली गेली. जे कृपा म्हणून दिले ते नियम म्हणून द्या. जागा मोजून मगच जाहिरात काढा. दृष्टीची आणि रंगज्ञानाची प्राथमिक तपासणी दुसऱ्या परीक्षेच्या आधी करा, म्हणजे शेवटच्या पायरीवरून कोणी कोसळणार नाही. निवड यादी किती दिवस जिवंत राहील आणि तीतील उरलेल्यांचे पुढे काय, हे पहिल्याच दिवशी सांगा. यांतील बहुतेक गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. आपण उत्तर देण्यास बांधलेले आहोत, एवढी भावना मात्र लागते.

रेल्वे हे वेळापत्रकावर चालणारे खाते आहे. गाडी दहा मिनिटे उशिरा येणार असली तरी फलाटावर तशी घोषणा होते आणि प्रवाशांची गैरसोय झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली जाते. दहा मिनिटे खोळंबलेल्या प्रवाशाला जो मान मिळतो, तो तीन वर्षे खोळंबलेल्या उमेदवाराला का मिळू नये? त्याला जागा मिळेल की नाही, हे त्याची गुणवत्ता आणि जागांची संख्या ठरवील, आणि तो निर्णय तो सोसेल. या देशातील मध्यमवर्गीय तरुणाला नकार सोसण्याची सवय आहे. पण नकारही वेळेवर मिळाला तर तो उपकारच असतो. त्याने दुसरी वाट धरता येते, दुसरे काही शिकता येते, घरच्यांना काही ठाम सांगता येते. सरकार नोकरी मूठभरांनाच देऊ शकेल. तारीख मात्र त्याला सर्वांना देता येईल, आणि ती त्याने दिलीच पाहिजे.